प्लेटखालचा गडद निळा रंग

ते प्रकरण आठवले की आजही माझे डोके तापते. पोलिसात शिपाई म्हणून भरती झालो आणि कोणाच्या चिठ्ठीशिवाय अधिकारी झालो. त्यामुळे कष्ट एकाचे आणि हार दुसऱ्याला, हे मला कधी पचले नाही.

नारायण पेठेत एक तरुणी इलेक्ट्रिक गिटार बनवून द्यायची. आयटीतल्या एका गिऱ्हाइकाने तिच्याकडून दोन शिंगांच्या निळ्या बॉडीवर एका शिंगाच्या गिटारची प्लेट बसवून घेतली होती. शिंगे म्हणजे बॉडीची दांड्याशेजारी वर आलेली टोके, आणि प्लेट म्हणजे तारांखाली स्क्रूने बसवतात तो पातळ प्लास्टिकचा तुकडा. ही गिटार त्याच्या घरी खिडकीसमोर टांगलेली असे. काही वर्षांनी ती दुरुस्तीला आली आणि त्या तरुणीच्या दुकानातून गायब झाली. कुलूप शाबूत.

"हिनेच विकली!" गिऱ्हाईक शेजारच्या पिठाच्या गिरणीसमोर उभे राहून ओरडले. बाकीचे लोक आपापल्या गिटारी परत घेऊन गेले.

जबाब देताना ती रडली नाही. एवढेच म्हणाली, "साहेब, गिटार मी भरून देईन. पण चोर म्हणून या गल्लीत बसू कशी?"

दुकानाची किल्ली गिरणीतल्या खिळ्याला असायची. हवालदाराने गिरणीवाल्याला विचारले, "अनोळखी कोणी आले होते?"

"छे हो. अनोळखी माणसाला किल्ली देईन का मी?"

तपास तिथेच अडला. मग खबऱ्याचा निरोप आला. येरवड्याजवळ जुन्या वाद्यांच्या दुकानात तशीच निळी गिटार आहे, पण प्लेट वेगळी. वरिष्ठ म्हणाले, "प्लेट वेगळी म्हणजे गिटार वेगळी. सोडा."

मी सोडले नाही. दोन पंचांना पाहुणे म्हणून सोबत घेतले आणि साध्या वेशात गेलो. लहानपणी मंडईत भाजी विकली आहे. घासाघीस करणारा माल उघडून बघतोच.

"प्लेट नवी दिसते हो," मी दुकानदाराला म्हणालो.

"काका, ओरिजिनल आहे. या बॉडीला हीच शोभते."

"मग काढून दाखवा."

"काढायला काय डब्याचं झाकण आहे?"

"नाही ना काढत? मग निम्म्यात द्या."

चिडून त्याने तारा सैल केल्या, स्क्रू काढले. प्लेट उचलली. सगळी बॉडी उन्हाने फिकी पडली होती. मधोमध मात्र जुन्या, लहान प्लेटचा आकार गडद निळा उरला होता. कडेने तिची भोके. पंचनामा तिथेच केला.

ठाण्यात त्याने आधी टाळाटाळ केली. मी टेबलावर हात आपटल्यावर बोलला. "मी तिच्याकडे नेहमी दुरुस्तीचा माल न्यायचो. गिरणीवाल्याने आपणहून किल्ली दिली."

"आणि प्लेट?"

"कोणी ओळखू नये म्हणून. शिवाय तसल्या भेसळीला गिऱ्हाईक नाक मुरडतं. म्हटलं, नीट करून विकावी."

चोर माल बिघडवतो असे आपण धरून चालतो. हा सुधारायला गेला आणि सापडला.

पेपरात फोटो आला वरिष्ठांचा. बातमीत गिटारची सतार झाली होती. प्रशस्तिपत्रकही त्यांनाच. ते मी विसरलेलो नाही.

पण एक गोष्ट मी वसूल केली. कोर्टाच्या आदेशाने गिटार ताब्यात मिळाल्यावर त्या गिऱ्हाइकाला गिरणीसमोर नेले. "आपण जिथे ओरडलात, तिथेच बोला. त्याच आवाजात."

तो काहीतरी पुटपुटला. गिरणीवाल्याने खटका दाबून गिरणी बंद केली. "आता बोला. ऐकू येऊ दे."

"चूक झाली. यांनी चोरी केली नव्हती," तो मोठ्याने म्हणाला. गल्लीने ऐकले.

त्यानंतर प्रत्येक तपासात मी आधी विचारायचो, ओळखीचे कोण आले होते? अनोळखी माणसावर तर सगळ्यांचाच डोळा असतो.

गिऱ्हाइकाने चूक कबूल केली त्या संध्याकाळी दुकान बंद करून तिने किल्ली पुन्हा त्याच खिळ्याला अडकवली. तिच्या जागी मी असतो तर अडकवली नसती.