पोळा होऊ द्या

भर उन्हाळ्यात कोणी तडकलेली गिटार घेऊन आलं, की काका तिच्या पोटावर वाकड्या बोटाने दोनदा टकटक करत, कान लावत आणि डॉक्टरासारखं तोंड करून म्हणत, "लाकूड रुसलं हाये. पोळा होऊ द्या, मंग पाहू."

गिऱ्हाईक चिडायचं. त्याचा कार्यक्रम ज्येष्ठात असायचा. यांचं आपलं एकच, "काहून घाई करून राहिला गा?" आणि गिटार खुंटीला. मला तो निव्वळ आळस वाटायचा.

नागपुरात सदरमधल्या एका गल्लीत त्यांची खोली होती. आधी हार्मोनियमची कामं करत, मग शहरात ऑर्केस्ट्रांचं पीक आलं आणि ते गिटारीकडे वळले. सगळे त्यांना मिस्त्री म्हणत. मी काका म्हणायचो. मी पोस्टात कारकून, म्हणून ते मला बाबू म्हणत.

मी त्यांच्याकडे गेलो तो भावाची गिटार घेऊन. थोरला भाऊ काविळीने गेला होता. तुम्ही नागपूरचे असाल तर पुढची चूक तुम्हाला सांगायला नको. आई दर उन्हाळ्यात ती गिटार कूलरसमोर ठेवायची, भावाच्या जागेवर. दुसऱ्या उन्हाळ्यात कूलरचा पंप बिघडला, ओलं झालेलं लाकूड दोन दिवसांत वाळलं आणि पोटाला वीतभर चीर गेली. आई मला एवढंच म्हणाली, "एकदा वाजलेली आयकाची हाये रे."

काकांनी गिटार मांडीवर घेतली, बराच वेळ पाहिली. "भावाची चीज हाये. दुसऱ्याच्या हातात काहून देतं? शिकून घे न."

मी तीन वर्षं शिकलो. ऑफिस सुटलं की सायकल थेट तिकडे. खुंट्या बसवायला शिकलो, दांडा सरळ करायला शिकलो, सरस किती आटवायचा ते वासावरून ओळखायला शिकलो. माझ्या हातून कानस सुटली की ते म्हणत, "बाबू, हे मनिऑर्डरचं फारम नाई, ठप्पा मारून सुटाले." काकू आतून हसत आणि न सांगता माझी पोळी टाकत. त्यांना मूलबाळ नव्हतं. त्या खोलीत मला माझ्या घरापेक्षा बरं वाटायचं, हे आज सांगताना जीभ अडखळते.

पोटाचं काम मात्र ते एकट्याने, दिवसा करत. चीर सांधली की आतून लाकडाची चकती चिकटवायची, आणि चिकटवण्याआधी तिच्यावर पेन्सिलीने महिना लिहायचा, तोही उलट्या अक्षरांत. म्हणजे पुढे कोणी गिटारीच्या तोंडातून आरसा घातला तर सुलटं वाचता येतं. मी एकदा आरसा उचलला, तर त्यांनी काढून घेतला. "दुसऱ्याच्या पोटात डोकवाचं नाई."

चौथ्या वैशाखात ते आपणहून म्हणाले, "बाबू, आज तुह्या भावाची काढ."

"काका, पोळा होऊ द्यायचा ना?"

"ते गिऱ्हाइकाले सांगाच्या गोष्टी हायेत. चीर चांगली उघडी हाये, पट्टी भर."

मी चिरेत लाकडाची बारीक पट्टी भरली, चकती कापली, तिच्यावर 'वैशाख' लिहिलं. ते माझं अक्षर उन्हाकडे धरून पाहत राहिले. "बरोबर," म्हणाले, आणि चहा न घेताच बाहेर निघून गेले.

तारा चढवायच्या होत्या, आईला आवडायचं ते एक गाणं बसवायचं होतं. ते होण्याआधीच आषाढ लागला. लाकूड फुगलं. चिरेला मिटायला जागा नव्हती, तिथे माझी पट्टी होती. एका दुपारी गिटारीचं पोट फुगून आडवं फुटलं. आईने ती जुन्या लुगड्यात गुंडाळून माळ्यावर ठेवायला लावली. माझा हातच नालायक, असं मी धरून चाललो. लाजेने पुन्हा त्या गल्लीत पाऊल टाकलं नाही. पुढच्या वर्षी आई गेली.

बऱ्याच वर्षांनी काका गेल्याचं कळलं. त्यानंतर ऑफिसातल्या एकाने त्यांच्या हातची गिटार मला दाखवायला आणली. आता अडवणारं कोणी नव्हतं. मी आरसा घातला. तीन चकत्या, लाकडाच्या रंगावरून तीन वेगळ्या वर्षांच्या. तिन्हींवर 'भाद्रपद'. पोळ्यानंतरचा महिना, जेव्हा ओलाव्याने चीर आपोआप मिटलेली असते.

मी काकूंकडे गेलो. त्यांनी काही लपवलं नाही.

"त्या वैशाखात दोन दिवस जेवले नाईत ते. म्हणे, बाबूले चुकीचं सांगतलं. गिटार बनली का तो कायले येईन आपल्याकडे? मी लय बोलली त्याहीले. तं म्हणे, फुटली का घेऊन येईनच, मंग पोळ्याले मीच बनवून देतो. दर पोळ्याले वाट पाहे तुमची."

काकांना माझ्या घराचा पत्ता ठाऊक होता. सदरपासून सायकलने दहा मिनिटं. यायला कोणी अडवलं होतं? माणसाची माया लागली म्हणून त्याच्या आईचं ऐकणं बुडवायचं? काकूंनी पोळी टाकू का विचारलं. मी नाही म्हणालो. त्या घरात नाही म्हणण्याची माझी पहिलीच वेळ.

घरी येऊन गिटार माळ्यावरून काढली. हलवली तर आतून खुळखुळ आवाज आला, आणि चकती हातात पडली. उलटा 'वैशाख', अक्षर माझंच.

पोळ्याला अजून महिना आहे. नवी चकती मी कापून, घासून ठेवली आहे. ऐकायला आई नाही.