विशाखाताई ऑफिसात नाहीत

मिलिंदचा फोन आला तेव्हा मी कुकटपल्लीत एका नव्या इमारतीच्या पाचव्या मजल्यावर, रिकाम्या फ्लॅटच्या बाल्कनीत उभी होते. घर बघायला आलेलं जोडपं आत स्वयंपाकघराची मापं घेत होतं. "मंगलताई, ताई गेली... आत्ताच," एवढंच तो म्हणाला आणि त्याला पुढं बोलवेना. मिलिंद हा ज्यांच्या ऑफिसात मी काम करते त्या विशाखाताईंचा धाकटा भाऊ. नांदेडला असतो, शेवटी शेवटी बहिणीजवळ दवाखान्यात येऊन राहिला होता. मी फोन पर्समध्ये टाकला. आतून त्या बाईंनी विचारलं, पाणी नळाचं आहे की बोअरचं. मी सांगितलं. बाल्कनीत सकाळचं ऊन येतं, कपडे चांगले वाळतात, हेही सांगितलं. कुलूप लावून खाली आले आणि वॉचमनच्या प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून राहिले. रडू आलं नाही. दवाखाना, ऑफिस, घर अशा खेपा घालून घालून अंगात काही उरलंच नव्हतं.

अंत्यविधी झाल्यावर मिलिंद म्हणाला, "ताईच्या लोकांना तुम्हीच कळवा. मला इकडचं बोलणं जमत नाही." ताईचे लोक म्हणजे आमची गिऱ्हाइकं. घर विकणारे, घेणारे, भाड्यानं देणारे, भाड्यानं शोधणारे. मी आमच्या त्या दोन टेबलांच्या ऑफिसात बसून एकेकाला फोन लावू लागले आणि पहिल्याच दिवशी लक्षात आलं, की हे सांगणं सोपं नाही. तेलुगू माणसाला "मॅडम लेरु", मॅडम नाहीत, म्हटलं की तो विचारायचा, "एप्पुडु वस्तारु?" कधी येणार? जागेवर नसलेल्यालाही लेरु आणि जगात नसलेल्यालाही लेरुच. एका आपांना मी म्हटलं, "आपा, मॅडम नहीं रहे." त्या काळजीनं म्हणाल्या, "अरे, किधर शिफ्ट हुए? बोले भी नइं!" आमच्या धंद्यातली माणसं, राहणं म्हटलं की त्यांना घरच आठवणार. आणि मराठी माणसाला "ताई गेल्या" म्हणावं तर, "नांदेडला का?" प्रत्येकाला दुसऱ्यांदा, स्वच्छ शब्दांत सांगावं लागे. मग हळहळ, मग काय झालं होतं, मग किती वय... आणि मीच त्यांना धीर द्यायचा. संध्याकाळपर्यंत घसा बसून जायचा.

पण त्या आपांचं "बोले भी नइं" मनात अडकून राहिलं. कारण विशाखाताई न सांगता कधी कुठं गेल्याच नव्हत्या.

त्यांची माझी ओळख झाली ती त्यांची गिऱ्हाईक म्हणूनच. माझं माहेर सुलतान बाजारचं, शहरातल्या जुन्या मराठी वस्तीतलं; वडिलांचं कापडाचं दुकान. लग्नानंतर नवऱ्याच्या कारखान्यापायी आम्ही कुकटपल्लीला आलो, तेव्हा ताईंनी आम्हाला घर मिळवून दिलं. पुढं तो कारखाना बंद पडला. नवरा घरी बसला आणि मी काम शोधत ताईंकडं गेले. त्यांनी जास्त चौकशी केली नाही. समोरच्या रिकाम्या टेबलाकडं बोट दाखवलं आणि म्हणाल्या, "बस. फोन उचलायला येतो ना? बाकी होतं हळूहळू." तेव्हापासून मी तिथं बसले ती बसलेच. ताई उंच, सावळ्या, चालायला भरभर. लग्न केलं नव्हतं आणि त्याबद्दल कुणी विचारलेलं त्यांना आवडत नसे. आईला घेऊन राहायच्या. आईंना मी मावशी म्हणते.

गावाला जायचं ठरलं की आधी ताई गिऱ्हाइकांना फोन करायला बसायच्या. मेसेज नाही, फोनच. मी अमुक दिवशी जाणार, अमुक दिवशी येणार, मध्ये मंगल आहे, किल्ल्या तिच्याकडं आहेत, तिला सगळं माहीत आहे. ज्याचं काम त्या दिवसांत अडणार नव्हतं त्यालाही सांगायच्या. सुरुवातीला मला याचा फार कंटाळा यायचा. आमच्या धंद्यात असं कुणी करत नाही. एजंट तिरुपतीच्या रांगेत उभा असतो आणि फोनवर सांगतो, "ट्रॅफिकमध्ये आहे, दहा मिनिटांत येतो." गिऱ्हाईक ताटकळतं, पण टिकतं. ताईंनी खरं सांगितलं की काही जण त्याच संध्याकाळी दुसरीकडं जायचे. भाचीच्या लग्नाच्या वेळी असंच एक जुळत आलेलं काम हातचं गेलं. त्या माणसानं दुसऱ्या एजंटाकडून घर घेऊन टाकलं. मी चिडून म्हटलं, "ताई, कशाला सांगायचं हो? फोन तर तिकडूनही उचलता येतो. त्यांना काय कळणार तुम्ही मांडवात आहात की ऑफिसात?"

"त्यांना नाही कळणार," ताई म्हणाल्या, "पण घरासमोर येऊन उभे राहतील ना? मी येतेच आहे असं समजून."

"मग राहू देत थोडा वेळ."

"नक्को गं. घरासाठी आलेल्या माणसाला दारात उभं करू नये. दुसरं काहीही चालेल." एवढं बोलून त्यांनी विषय संपवला. मला वाटलं, तत्त्वाच्या आहेत. दुसरं काय वाटणार?

मग त्यांचं दुखणं निघालं. पोटात गाठ, ऑपरेशन, पुढं केमो. प्रत्येक केमोनंतर त्या आठवडाभर उठायच्या नाहीत. पहिल्या वेळी मी सरळ म्हटलं, की गावाला गेल्या आहेत असं सांगू. आजार हा शब्द जरी निघाला तरी लोक पळतील. घराचे कागद अर्ध्यात असताना एजंटचं काही बरंवाईट झालं तर, ही भीती सगळ्यांनाच असते. ताई त्या दिवशी ऑफिसातच होत्या. डोक्याला रुमाल बांधला होता. म्हणाल्या, "गावाला गेले म्हटलं तर विचारतील, कशी आहे शेती, पाऊस झाला का. मग त्याचीही उत्तरं बनवत बसशील का तू?" आणि फोन हातात घेतला. माझ्यासमोर एकेकाला सांगितलं, की दवाखान्यात जाते आहे, उपचार चालू आहेत, पुढच्या सोमवारी मी नसेन, त्याच्या पुढच्या सोमवारी असेन. आवाजात कुठं रडं नाही, की दया मागणं नाही.

आणि लोक गेलेच. माझा अंदाज खरा ठरला, पण त्याचं समाधान कसलं? ज्यांना ताईंनी वर्षानुवर्षं सांभाळलं होतं, भाडेकरू आणून दिले, भांडणं मिटवली, ते एकेक करून "मॅडमना आराम पडू दे" म्हणत दुसरीकडं वळले. त्या बऱ्या असल्या की ऑफिसात यायच्या, समोर बसायच्या आणि फोन वाजायचा नाही. रागही करायच्या नाहीत. मलाच म्हणायच्या, "त्यांना घर पाहिजे, मंगल. त्यांनी काय माझ्या तब्येतीकडं बघत बसायचं?"

एक मात्र हलले नाहीत. सिकंदराबादचे नरसिंगराव गारू; गारू म्हणजे आपलं 'साहेब'. रेल्वेतून रिटायर झालेले, बायको वारलेली, मुलगा बंगळूरला. राहतं घर विकून त्यांना मुलाकडं जायचं होतं. ताईंनी दवाखान्याचं सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "परवालेदु अम्मा, काही हरकत नाही. तुम्ही या, मग बघू." दुसऱ्या वेळीही तेच. तिसऱ्या वेळीही तेच. मी त्यांच्याकडं माणसं घेऊन गेले तर ते घर दाखवायचे, चहा द्यायचे आणि शेवटी म्हणायचे, "मॅडम येऊ देत." त्यांच्या मुलाचा मला वैतागून फोन यायचा.

शेवटचं दवाखान्यात जायचं ठरलं तेव्हा डॉक्टरांनी मिलिंदला बाजूला घेऊन काय ते सांगितलं होतं. ताईंना कुणी सांगितलं नाही, पण त्यांना कळलं होतं. दुपारची वेळ होती, मी त्यांच्या घरी होते. मावशींनी पेज करून आणली होती, ती तशीच निवत होती. ताई उशीला टेकून बसल्या आणि म्हणाल्या, "फोन दे." मी म्हटलं, राहू द्या, मी करते. त्यांनी ऐकलं नाही. उरलेसुरले जे होते त्यांना एकेक करून लावला. मधे मधे दम लागायचा, मग फोन छातीशी धरून थांबायच्या. या वेळी वाक्य वेगळं होतं. "मी उद्यापासून नाही. परत यायचा दिवस मला सांगता येत नाही. तुमचं काम आता मंगल बघेल." मी खिडकीकडं तोंड करून उभी राहिले.

नरसिंगराव गारूंना मात्र ते पटेना. फोनमधून त्यांचा मोठा आवाज मलाही ऐकू येत होता. तुम्ही बऱ्या होईपर्यंत मी थांबतो, असं ते पुन्हा पुन्हा म्हणत होते. ताई तेलुगूत त्यांना समजावत होत्या आणि मग एकदम कडक झाल्या. "थांबायचं नाही गारू. घर तुमचं आहे, मी मधली बाई. चांगला माणूस आला की देऊन टाका आणि मुलाकडं जा. माझ्यासाठी घर अडवून धरलंत तर मला ते आवडणार नाही." ताईंनी फोन माझ्या हातात दिला. "झालं," म्हणाल्या. "आता पेज दे."

गारू तरी थांबलेच. मी "मॅडम लेरु" म्हटल्यावर "एप्पुडु वस्तारु?" विचारणारे पहिले तेच होते. खरं कळल्यावर त्यांनी फोन ठेवला आणि दुसऱ्या दिवशी बसनं ऑफिसात आले. ताईंच्या खुर्चीसमोर बसले. चहा घेतला नाही. उठताना म्हणाले, "पुढचा माणूस येईल त्याला देऊन टाकू, अम्मा." तसंच झालं. आता ते मुलाकडं आहेत.

माझ्या वाट्याला एक काम उरलं होतं. मावशींना मिलिंद नांदेडला नेणार होता आणि ताईंचा फ्लॅट भाड्यानं द्यायचा होता. मिलिंद संकोचत म्हणाला, "तुम्हीच बघा ना." आयुष्यभर लोकांची घरं दाखवली, पण त्या दारात मला पाय उचलेना. पुण्यानुमोदनाची बुद्धवंदना होऊन गेली होती. सामान बांधून झालं होतं. भिंतीवरच्या तसबिरींच्या जागी पांढरे चौकोन दिसत होते. बघायला येणाऱ्यांना अवकाश होता, म्हणून मी आणि मावशी रिकाम्या हॉलमध्ये चटई टाकून बसलो. त्यांना बरं वाटावं म्हणून मी म्हटलं, "मावशी, ताईंनी सगळ्यांना सांगून ठेवलं होतं. मला फारसं काही करावं लागलं नाही." ते खरं नव्हतं, पण बोलले.

मावशी म्हणाल्या, "तिला लहानपणीचं लागलं होतं ते." मी विचारलं, काय? मग त्यांनी सांगितलं, अगदी साधेपणानं, गुडघे चोळत. "तिच्या बापाला सिकंदराबादेला रेल्वेत काम लागलं तवाची गोष्ट. दलालानं खोली दाखवली, म्हणला, सामान घेऊन या. आमी टेम्पो करून गेलो, तर दाराला कुलूप. दलालाचा पत्ता नाही. टेम्पोवाला सामान उतरवून निघून गेला. आमी बसलो पायरीवर. विशू एवढीशी होती. सारखी विचारायची, काका कवा येणार? ऊन उतरल्यावर शेजारीण बाहेर आली, म्हणली, तुमचं आडनाव कळल्यावर मालक नको म्हणला, म्हणून तो दलाल गावाला निघून गेला. तोंडावर कसं सांगावं म्हणून..." त्यांनी चटईची कड सरळ केली. "नको म्हणला असता तरी चाललं असतं बाई. आमाला सवय होती. दुसरीकडं गेलो असतो. पण सांगायचं तरी."

इतकी वर्षं समोरासमोर बसून ताईंनी मला हे कधी सांगितलं नव्हतं. सुलतान बाजारात आमचं स्वतःचं घर; घरासाठी आमचं आडनाव कुणी विचारलं नाही, आणि कुणाचं असं विचारलं जातं हे मी रोज ऐकत असूनही कधी ते ताईंशी जोडून पाहिलं नव्हतं. मावशी उठून स्वयंपाकघराचा ओटा पुसायला गेल्या.

बघायला आलं ते वरंगळकडचं तरुण जोडपं, बरोबर लहान मुलगी. मी तोंड उघडण्याआधीच मावशींनी त्यांना आत नेलं. पाणी किती वाजता येतं, कोणत्या खिडकीतून डास येतात, मागच्या खोलीत दुपारी किती उकडतं, सगळं आपल्या मोडक्यातोडक्या तेलुगूत सांगून टाकलं. लपवलं काही नाही. मुलगी ताईंच्या खोलीत पळत गेली आणि तिथल्या उघड्या फरशीवर पसरून पडली. तिची आई ओरडणार तोच मावशी म्हणाल्या, "राहू दे. गार लागते ती फरशी. माझी लेक पण उन्हाळ्यात तिथंच निजायची." घर त्यांना आवडलं. निघताना मुलीची आई मावशींच्या पाया पडली आणि म्हणाली, तुम्ही अधूनमधून येत जा, घर तुमचंच आहे.

मावशींच्या जागी मी असते तर हो म्हटलं असतं. सगळेच म्हणतात. मावशींनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. "नेनु रानम्मा," त्या म्हणाल्या. मी नाही येणार गं. आणि मग तिला मराठी कळत नाही हे विसरून, हळू आवाजात, "माझी वाट बघू नको."