पत्त्यासकट प्रार्थना

चूक माझी होती, हे आधीच सांगून टाकतो. आमच्या पाळकसाहेबांवर ती ढकलत मी बरीच वर्षं काढली.

मुलुंडच्या आमच्या मराठी चर्चमध्ये त्या बाईंना सगळे सिस्टरच म्हणत. घाटकोपरला एका हॉस्पिटलात त्या नर्स होत्या. रविवारी उपासनेआधी त्या एक चिठ्ठी औषधाच्या पुडीसारखी दुमडून माझ्या तळहातावर ठेवत आणि माझीच बोटं तिच्यावर मिटवत. मी चर्चचा सेक्रेटरी. मंडळीच्या प्रार्थनेच्या विनंत्या मोठ्याने वाचायचं काम माझं.

इतरांच्या चिठ्ठीत 'आजाऱ्यांसाठी' एवढंच असे. तुम्हीही अशा चिठ्ठ्या ऐकल्या असतील. सिस्टरांच्या चिठ्ठीत वॉर्ड, खाट नंबर, टाके कधी काढणार, सगळं. अक्षर छापल्यासारखं.

"सिस्टर, देवाला खाट नंबर कशाला हवा?" मी एकदा थट्टेने विचारलं.

"शेजारच्या खाटेवरचा बरा झाला म्हणजे?" त्या म्हणाल्या. "पत्ता नीट द्यावा, सेक्रेटरीसाहेब."

चर्चमागे नाल्याला लागून झोपड्या होत्या. त्या पाडायची महापालिकेची नोटीस लागली. त्या रविवारी सिस्टर तिथल्या एका बाईला घेऊन आल्या. ती आमच्यातली नव्हे, आसपास धुणीभांडी करणारी. मागच्या बाकावर अगदी कडेला बसली. चिठ्ठीत होतं : 'चर्चमागचा नाला, चाळीस झोपड्या. बुधवारी पाडणार आहेत. मंडळीने देवाजवळ बोलावं आणि वॉर्ड ऑफिसातही.'

मी ती पाळकसाहेबांना दाखवली. त्यांनी वाचली, चष्मा पुसला आणि म्हणाले, "तुम्ही बघा काय ते."

आमच्या नव्या हॉलचा नकाशा त्याच वॉर्ड ऑफिसात मंजुरीसाठी पडून होता. मी सिस्टरांना बाजूला घेतलं. "हे राजकारण झालं हो. उद्या लोक म्हणतील, चर्च झोपडीवाल्यांच्या बाजूचं आहे."

"मग, नाही का?" त्यांनी विचारलं.

मी बाकीच्या चिठ्ठ्या गोळा करायला वळलो. विनंत्यांची वेळ आली तेव्हा उभा राहिलो आणि त्या चिठ्ठीच्या जागी वाचलं, "सर्व गरजवंतांसाठी." मंडळी "आमेन" म्हणाली. मागची बाई अजून कान देऊन बसली होती. मी पुढची चिठ्ठी वाचली, मग त्यापुढची. सगळ्या संपल्यावर तिने सिस्टरांच्या तोंडाकडे पाहिलं.

बुधवारी झोपड्या पडल्या. मी वाचलं असतं तर त्या उभ्या राहिल्या असत्या, असं म्हणत नाही. चर्चने कुठल्या वादात बोलावं आणि कुठे गप्प बसावं, यावर कमिटीत मी इतकं बोललोय की आता थकवा येतो. दोन्हीकडचे मुद्दे मला पाठ आहेत. पण त्या दिवशी तेवढं मोठं काही नव्हतं. एका बाईला आपल्या घराचा पत्ता आमच्या तोंडून ऐकायचा होता.

सिस्टर मला एका शब्दाने बोलल्या नाहीत. पुढच्या रविवारी नेहमीसारखी पुडी हातात आली. 'सेक्रेटरीसाहेब. दुसरा बाक, डावी बाजू. भीती कमी व्हावी.' तीही मी वाचली नाही. मग पुन्हा खाट नंबर येऊ लागले. हॉल झाला. उद्घाटनाच्या दिवशी खुर्च्या पुसायला सिस्टरच सर्वांआधी हजर होत्या.

काही वर्षांनी त्या गेल्या. मातीला ती बाई गोवंडीहून आली होती. झोपडी पडल्यावर तिकडेच राहायला गेली होती. कबरस्तानाच्या फाटकाबाहेर उभी होती. मी तिच्यापाशी गेलो आणि त्या रविवारचा विषय काढला.

"ते होय?" ती म्हणाली. "सिस्टर तेव्हाच बोलल्या ना मला. त्यांचं अक्षर खराब, सायबांना लागलं नाही."



"अक्षर फार चांगलं होतं, बाई," मी म्हणालो. "मला सगळं वाचता आलं होतं. मी घाबरलो. मला माफ करा."