मेंढरांचं वजन

ती घटना आजही आठवते ती एका म्हाताऱ्या मेंढपाळामुळे. त्याचा मी जन्माचा ऋणी आहे.

तेव्हा पोलीस अधिकारी म्हणून माझी नेमणूक आटपाडी भागात होती. धुक्याच्या पहाटे एका पिकअपने ट्रॅक्टरच्या रिकाम्या ट्रॉलीला मागून धडक दिली. ट्रॉली पंक्चर होऊन रस्त्यातच उभी होती, मागे ना दिवा ना रिफ्लेक्टर. चाक बघायला उतरलेला ट्रॅक्टरचालक जागीच ठार झाला. पिकअपचं तोंड ट्रॉलीत रुतलं होतं आणि दोन्ही वाहनं एकमेकांत अडकून पुढे घसरत गेली होती. पिकअपचा चालक माण तालुक्यातला. तो बेशुद्ध होता.

लोक खवळलेले. पत्रा एवढा चुरगळलाय म्हणजे वेग शंभरच्या पुढे असणार, असं जो तो सांगे. सदोष मनुष्यवधाचं कलम लावा, अशी मागणी होती. चालक शुद्धीवर आल्यावर मी त्याचा जबाब घेतला, तेव्हा तो एकच वाक्य धरून बसला. "साहेब, मेंढरं भरल्यावर गाडी कोण पळवतं? पाय मोडत्यात त्यांचं."

पंचनाम्यात मात्र गाडी रिकामी होती. मेंढराची लेंडीसुद्धा नोंदलेली नव्हती. आरोपी थापा मारतात, हे पोलिसाला नवं नसतं.

कडेगावच्या एका कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवणाऱ्या बाईंना मी घसरल्याच्या खुणा दाखवल्या. त्यांनी समजावलं की चुरगळलेल्या पत्र्यावर भरवसा ठेवू नका. वाहनं एकमेकांत रुतली की गतिज ऊर्जा पत्रा मोडण्यात खर्च होते, पण एकूण संवेग, म्हणजे वजन गुणिले वेग, धडकेच्या क्षणी तेवढाच राहतो. खुणांवरून दोन्ही वाहनांचा एकत्र वेग निघाला ताशी पंचवीस. रिकामी पिकअप दीड टन, ट्रॅक्टर-ट्रॉली तीन टन. दीड टनाने साडेचार टन वजन त्या वेगाने ढकललं, म्हणजे पिकअप पंचाहत्तरवर होती. दाट धुक्यात पंचाहत्तर. चालकाचं भवितव्य ठरल्यासारखंच होतं.

आणि मग ठाण्यात तो मेंढपाळ आला. घोंगडी सावरत त्याने ठाणे अंमलदाराकडे तक्रार केली की पोलीस मेंढरं न्यायला का येत नाहीत. अपघातानंतर तो कळप घेऊन तिथून चालला होता, तेव्हा पिकअपच्या हौद्यातली मेंढरं भेदरून ओरडत होती. मुकं जनावर तहानलेलं ठेवायचं नाही, म्हणून आम्ही पोचायच्या आत त्याने ती उतरवून आपल्या कळपात घेतली, आणि रीतीप्रमाणे कळप चारत पुढे निघून गेला. कानावरच्या खुणा वेगळ्या होत्या, म्हणून एकही मिसळू दिलं नव्हतं.

आमच्या हवालदारांनी ती मेंढरं वजनकाट्यावर चढवताना जी कसरत केली, ती कुठल्याच पोलीस प्रशिक्षणात शिकवत नाहीत. वजन भरलं दीड टन. बाईंनी पुन्हा गणित मांडलं. तीन टनाने सहा टन ढकलले, म्हणजे वेग पन्नास. गतिज ऊर्जेतली निम्मी पत्रा चुरगळण्यात गेली होती.

धुक्यात पन्नासही जास्तच, तेव्हा निष्काळजीपणाचा गुन्हा राहिला. सदोष मनुष्यवधाचं कलम मात्र मी लावलं नाही. मयताच्या पत्नीला मी स्वतः जाऊन सारं सांगितलं. ती म्हणाली, "खरं सांगितलंसा, लय झालं."

माणसं खोटं बोलतात, हे नोकरीने शिकवलं. खरं बोलणाऱ्याचाही पुरावा कुणीतरी चरायला घेऊन गेलेला असू शकतो, हे या गुन्ह्याने शिकवलं.

मेंढरं परत घेताना चालकाने मोजली आणि गडबडला. एक जास्त होतं. मेंढपाळाने एका मेंढीमागचं कोकरू उचलून त्याच्या हातात दिलं.

"वाटंत व्यालं. तुजंच हाय."