याच दोन गोळ्या

फार्मसीच्या शेवटच्या वर्षाला चेंबूरच्या आमच्या कॉलेजात सर दर आठवड्याला एक केस द्यायचे. एरवी केस म्हणजे छापील कागद. त्या दिवशी मात्र माहुलची एक मासे विकणारी मावशी समोर खुर्चीवर येऊन बसली. बोटांवर सुरीचे जुने व्रण होते आणि पदराचं टोक ती सारखं पिळत होती.

सरांनी मलाच उठवलं. "तू काउंटरवर आहेस. मावशी औषधं न्यायला आल्यात. विचार."

चिठ्ठीवर रक्त पातळ करणारी गोळी होती आणि बीपीची. मी वेळा विचारल्या, जेवणाचं विचारलं. शेवटी म्हणाले, "दुसरं कुठलं औषध घेता?"

"नाय गं बाय, याच दोन गोळ्या."

मी सुटले म्हणून खाली बसले.

"दुकानवाल्यानं पण असंच इचारलेलं," मावशी हळूच म्हणाली. "मी पण असंच सांगितलेलं. गुडघे दुखतात म्हणून रोज एक गोळी खायची मी. ती औषध असते, मला काय म्हाईत? रक्त पातळ करायच्या गोळीसंगं ती खाल्ली नि पोटात रक्त झालं. आयशीयूत होते."

मीही तिला हसत औषधांची पिशवी दिली असती.

जाताना तिनं माझा दंड धरला. "भ्यालीस?"

मी मानेनंच हो म्हटलं.

"बरं झालं. तो दुकानवाला भ्याला नव्हता."

आज मी मुलुंडच्या एका हॉस्पिटलात औषधं देते. ती भीती अजून गेलेली नाही, आणि मी ती जाऊही देत नाही.