भाग्यलक्ष्मीचा ळ

निजामाच्या जुन्या शहरात, विद्यानगरात, बिरादारांच्या घराखाली मोटारीसाठी म्हणून एक खोली बांधून ठेवली होती. मोटार काही आली नाही. भाग्यलक्ष्मीच्या नवऱ्यानं, म्हणजे हेमंतनं, स्कूटरवर समाधान मानलं आणि खोलीत जुन्या ट्रंका, मोडका कूलर असला पसारा साठत गेला. सहा वर्षांपूर्वी भाग्यलक्ष्मीनं तो सगळा भंगारवाल्याच्या गाडीवर चढवला आणि तिथे हीट प्रेसचं मशीन आणून टी-शर्ट छापायला सुरुवात केली. दारावर पाटी लागली, तेलुगूत आणि इंग्रजीत. मराठीत का नाही, असं कुणी विचारलं नाही, आणि त्याबद्दल भाग्यलक्ष्मी मनातल्या मनात देवाचे आभार मानायची.

काम तसं सरळ होतं. गिऱ्हाईक फोनवर चित्र पाठवायचं, ती ते लॅपटॉपवर नीट मांडायची, आणि आबिड्सच्या एका गल्लीतला कुलदीप त्याच्या मोठ्या प्रिंटरवर ते पारदर्शक फिल्मवर उलटं छापून द्यायचा. रंगामागे पांढऱ्याचा एक थर, त्यावर चिकटणारी पावडर भाजून बसवलेली. ती फिल्म टी-शर्टावर ठेवायची, मशीनचं झाकण दाबायचं, पंधरा सेकंद मोजायचे, गार होऊ द्यायचं आणि एका कोपऱ्यापासून फिल्म सोलायची. हे सोलणं भाग्यलक्ष्मीला भारी आवडायचं. हजारो टी-शर्ट झाले तरी दर वेळी चित्र कापडावर अख्खं उतरलेलं बघून ती स्वतःशीच "वा!" म्हणायची. एकदा एक गडी बायकोचं नाव छातीवर छापून घेऊन गेला आणि तिसऱ्या दिवशी "अक्का, हे पुसून द्या" म्हणत परत आला. भाग्यलक्ष्मी म्हणाली, "भाऊ, हे पुसता येत नाही. लग्नासारखंच आहे ते." गडी हसला, आणि तोच टी-शर्ट घालून बायकोला आणायला माहेरी गेला म्हणे.

अशी ही तोंडाळ, कामात तरबेज, गल्लीभर लाडकी बाई. पण तिच्या पोटात एक गोष्ट बावीस वर्षं दडलेली होती. तिला मराठी वाचता येत नव्हतं.

म्हणजे बोलायची झकास. आई-बापांनी घरात मराठीशिवाय दुसरी भाषा येऊ दिली नव्हती. पण शाळा पडली तेलुगू, आणि देवनागरी भेटली ती हिंदीच्या तासाला. त्या हिंदीच्या ओळखीवर ती मराठी अक्षरं रेटून न्यायची, आणि ळ आला की गाडी अडायची, कारण हिंदीच्या पुस्तकात ळ कुठला? तोंडात होता, डोळ्यांत नव्हता. लग्न होऊन आली ती सावित्रीबाईंसारख्या सासूच्या घरात. या बाई उदगीरकडच्या, मास्तरांच्या लेक, रोज पोथी वाचणाऱ्या. त्यांच्यापुढे कसं सांगायचं? मग भाग्यलक्ष्मीनं "चष्मा विसरले" हे अस्त्र काढलं. खरा चष्मा तिला चाळिसाव्या वर्षी लागला. विसरायची मात्र ती पंचविशीपासून.

एवढं असताना गप्प बसावं की नाही माणसानं? मराठी मंडळाची सभा भरली होती. मंडळाचे वार्षिक खेळ तोंडावर आलेले, एकशे वीस टी-शर्ट छापायचे होते. मंडळाच्या चिटणीस वंदनाताई. पुण्याच्या, आयटीतल्या मोठ्या हुद्द्यावरच्या, आणि ऱ्हस्व-दीर्घ चुकलं की ज्यांचं डोकं दुखतं अशा. गेल्या वर्षी बाहेरून करून आणलेल्या फलकावर म्हणे चार चुका होत्या. "यंदा मराठी नीट वाचणाऱ्या माणसाकडेच काम द्यायचं," त्या म्हणाल्या.

"मग मी आहे की!" भाग्यलक्ष्मी उठून म्हणाली. "घरचं माणूस असताना बाहेर कशाला?"

उचलली जीभ, लावली टाळ्याला! शेजारी बसलेल्या सावित्रीबाईंनी सुनेकडे फक्त एकदा बघितलं. मंडळाचे अध्यक्ष प्रतापराव, वय वर्षं शहाऐंशी, चाळीस वर्षं ज्यांच्या भाषणाशिवाय मंडळाचं पान हललं नाही, त्यांनी मान डोलावली. "हौ, बाईलाच द्या." झालं. टाळ्या पडल्या, काम गळ्यात पडलं.

टी-शर्टावर एकच शब्द हवा होता, ठसठशीत. वंदनाताईंनी तो स्वतः शोधून काढला होता आणि फोनवर आवाज भरून पाठवला होता: खेळमेळा. भाग्यलक्ष्मीनं ऐकला, इंग्रजी अक्षरांत टाइप केला, आणि फोननं त्याचं देवनागरी करून दिलं. तिनं अक्षर अक्षर लावून वाचलं. बरोबर वाटलं. असला शब्द तिनं नुमाइशीच्या, म्हणजे दरवर्षीच्या मोठ्या प्रदर्शनाच्या, हिंदी जाहिरातींत शंभरदा पाहिला होता. तरी धाकधूक होतीच, म्हणून तिनं नमुना कार्यकारिणीच्या ग्रुपवर टाकला आणि लिहिलं की सगळ्यांनी नीट बघून घ्या. अकरा जणांची कार्यकारिणी. अर्ध्या तासात अकरा अंगठे आले. पहिला वंदनाताईंचा. भाग्यलक्ष्मीचा जीव भांड्यात पडला. आता वंदनाताईंनीच बघितलंय म्हटल्यावर आपण कोण शंका काढणार? शुक्रवारपर्यंत एकशे वीस टी-शर्ट छापून तयार.

खेळ रविवारी. शनिवारी सकाळी सावित्रीबाई चहाचे दोन पेले घेऊन खाली आल्या, आणि टेबलावरच्या ढिगाकडे बघत दारातच थांबल्या.

"काय गं, कोण मेला?"

"अहो आत्याबाई, सकाळी सकाळी काय हे अभद्र!"

"मी नाही, तूच लिहिलंयस. खेल मेला." त्यांनी पेले खाली ठेवले आणि टी-शर्टावर बोट ठेवलं. "खेळमेळा पाहिजे ना? मग हे काय? हा ल आहे बाई, ळ नव्हे. मंडळाच्या एकशेवीस जणांच्या छातीवर मेला, मेला, मेला! खेळ आहे का दहावा?"

भाग्यलक्ष्मी मटकन स्टुलावर बसली. पहिलं तोंडातून निघालं ते, "अहो, पण अकरा अंगठे आले होते!"

"अंगठा कोण देतं?" सावित्रीबाई म्हणाल्या. "ज्याला सही येत नाही ते. अकराच्या अकरा अंगठेबहाद्दर दिसतात तुमचे."

एरवी भाग्यलक्ष्मी यावर पोट धरून हसली असती. आज तिला रडू आलं. उद्या सगळ्यांसमोर वंदनाताई एक टी-शर्ट उलगडून बघणार, आणि "घरचं माणूस" म्हणून छाती काढून उभ्या राहिलेल्या बाईचं पितळ उघडं पडणार. तिनं पदरानं डोळे पुसले आणि एका दमात सांगून टाकलं, "आत्याबाई, मला मराठी वाचता येत नाही. धड नाही येत. बावीस वर्षं तुम्हाला फसवलं."

"माहितीय," सावित्रीबाई म्हणाल्या आणि चहाचा घोट घेतला.

"कधीपासून?"

"तू आलीस त्याच वर्षी, संक्रांतीला. मी यादी लिहून तुला बेगम बाजारात धाडलं होतं. सगळं आणलंस. गूळ, तीळ, डाळ, हळद आणि तांदूळ तेवढं आणलं नाहीस. विचारलं तर म्हणालीस, दुकानात नव्हतं." त्यांना आता हसू आवरेना. "बेगम बाजारात गूळ नाही! अगं, तिथं जमिनीला गूळ चिकटलेला असतो. मी यादी परत बघितली, म्हटलं, पोरीला बाकी सगळं दिसतं, ळ तेवढा दिसत नाही."

"मग बोलला का नाहीत?"

"नवी नवरी होतीस. कशाला चारचौघांत खाली बघायला लावायचं? त्या दिवसापासून मी यादी तोंडीच सांगते."

भाग्यलक्ष्मीला आठवलं की खरंच, बावीस वर्षांत या बाईनं परत कधी चिठ्ठी म्हणून हातात दिली नव्हती. तिला सासूच्या पाया पडावंसं वाटलं आणि तिच्यावर रागही आला, की बाई, एवढं माहीत होतं तर तो नमुना बघायला मागून का घेतला नाहीत! पण नमुना तिनं स्वतःच सासूपासून लपवला होता. राग कुणावर काढायचा?

"पुसता येतं का ते?" सावित्रीबाईंनी विचारलं.

"पुसता येत नाही." मग ती थांबली. डोळे बारीक करून टी-शर्टाकडे बघत राहिली. "पण वरून बसवता येतं! आत्याबाई, फिल्मला मागून पांढरा थर असतो, खालचं सगळं झाकतं. चेंडू! खेळ आहेत ना? दोन्ही ल वर एकेक चेंडू बसवायचा आणि चेंडूत ळ!"

कोणत्या फॉन्टवर भरवसा ठेवायचा, हे आता तिला कळेनासं झालं होतं. तिनं सासूपुढे कोरा कागद आणि मार्कर ठेवला. सावित्रीबाईंनी मास्तरांच्या लेकीला शोभेल असा गोल गरगरीत ळ काढला, आणि शेजारी काना देऊन ळा. भाग्यलक्ष्मीनं त्याचे फोटो काढले, भोवती पिवळे चेंडू आखले आणि स्कूटरला किक मारली ती थेट आबिड्स.

कुलदीपनं पडद्यावर बघितलं आणि डोकं खाजवलं. "अक्का, ये क्या है? दो सौ चालीस जलेब्यां कायकू?"

"जलेबी नक्को बोल रे, अक्षर है वो!"

"अक्षर? मेरेकू तो जलेबीच दिख रई." पण गडी भला. हातातलं काम बाजूला ठेवून त्यानं तिची फिल्म आधी लावली. दुपारी जेवणाच्या वेळेला भाग्यलक्ष्मी घरी होती. मग सासू-सुनेनं मशीनवर ठाण मांडलं. सून चेंडू बसवून झाकण दाबायची, सासू गार झालेली फिल्म सोलायची आणि प्रत्येक टी-शर्ट मोठ्यानं वाचून बाजूला ठेवायची: "खेळमेळा. खेळमेळा. हा जरा वाकडा बसलाय, पण चालतंय, खेळमेळा." दिवेलागणीच्या आत एकशे वीस झाले. सावित्रीबाईंनी कमरेवर हात ठेवून ढिगाकडे बघितलं. "आता उद्या गप बसायचं. झाकली मूठ सव्वा लाखाची."

रविवारी मैदानावर पिवळ्या चेंडूंची धूम उडाली. "काय कल्पना आहे! अक्षरातच चेंडू!" ज्याला त्याला तेच. वंदनाताईंनी टी-शर्ट समोर धरून वाचला, परत वाचला, आणि हातात माइक घेतला. "बघा, घरचं माणूस असलं की असं होतं. एक चूक नाही! आणि मी एक घोषणाही करते. आपल्या मुलांसाठी दर रविवारी मराठी वाचनाचा वर्ग सुरू होतोय, आणि तो भाग्यलक्ष्मीताईच घेणार आहेत!"

टाळ्या. भाग्यलक्ष्मीनं सासूकडे बघितलं. खुर्चीत बसलेल्या सावित्रीबाई आकाशाकडे बघत होत्या. हसून नमस्कार केला असता तर विषय तिथेच मिटला असता. पण समोर मांडी घालून मुलं बसली होती, आणि पुढच्या रविवारी ती पुस्तक उघडून तिच्यापुढे ठेवणार होती. त्यांना काय सांगणार, चष्मा विसरले?

ती पुढे गेली आणि माइक हातात घेतला.

"मी वर्ग घेऊ शकत नाही," ती म्हणाली. "मला मराठी वाचता येत नाही. ज्या चेंडूंचं कौतुक करताय, त्यांच्याखाली चूक लपलीय. मी खेल मेला छापलं होतं." मागून कुणीतरी फिस्सकन हसलं. बघता बघता सगळं मैदान हसायला लागलं. भाग्यलक्ष्मी लाल झाली, पण थांबली नाही. "माझ्या सासूबाईंनी वाचलं म्हणून कळलं. अक्षरं त्यांचीच आहेत. मी उगाच मोठेपणा घेतला. मला आपलं माणूस म्हणवून घ्यायचं होतं, बस्स."

हसू विरलं. वंदनाताई फोन काढून काहीतरी शोधत होत्या. त्यांनी शोधलं, बघितलं आणि हळूच म्हणाल्या, "पहिला अंगठा माझा आहे. मी उघडूनसुद्धा बघितलं नव्हतं हो." कार्यकारिणीतले बाकीचे दहा जण आपापल्या बुटांकडे बघू लागले.

तेवढ्यात प्रतापराव काठी टेकत उठले. त्यांचं भाषण व्हायचं होतं. ते भाग्यलक्ष्मीपाशी आले, कोटाच्या आतल्या खिशातून घडी घातलेला कागद काढला आणि तिच्या हातात दिला.

"वाच."

"आबा, आत्ताच सांगितलं ना मी..."

"उघड तर."

तिनं घडी उलगडली. कागदावर उजवीकडून डावीकडे, उर्दूत, ओळीमागून ओळी लिहिल्या होत्या.

"हे आजचं भाषण," प्रतापराव म्हणाले. "मराठीच आहे. अक्षरं तेवढी उर्दू. निजामाच्या वेळची शाळा, मला तेवढीच लिपी शिकवली. चाळीस वर्षं मंडळापुढे बोलतोय, पण कागद कुणाच्या हाती लागू दिला नाही. आज तुझ्या हाती दिला."

भाग्यलक्ष्मी त्या ओळींकडे बघत राहिली. डोळे भरून आले होते, तरी तोंड काही गप्प राहीना. "पण आबा, उर्दूत ळ कुठाय? तो कसा लिहिता?"

"लिहीतच नाही. ल लिहितो." त्यांनी तिच्या हातून कागद घेतला, माइक तोंडाजवळ धरला आणि घसा खाकरला. "बोलताना ळ म्हणतो. मंडळींनो!"