पाच तुकड्यांचा चौरस

शनिवार, फेब्रुवारीतला तिसरा. सकाळची शाळा. हजर: सातवीची एकोणीस मुलं-मुली, मुख्याध्यापक, शाळा व्यवस्थापन समितीचे अध्यक्ष, नांदेडहून आलेले शिक्षण खात्याचे साहेब, आणि पडद्यावर जळकोट तालुक्यातल्या एका शाळेची सातवी व त्यांच्या बाई. गैरहजर: दोघं, हरभरा काढायला शेतात.

हे पान माझ्या वहीत सुवाच्य अक्षरात आहे. त्याच्या आदल्या दिवशीचं पान मी उघडत नाही. त्यावर काय आहे ते मला पाठ आहे.

जळकोटच्या बाई आणि मी लातूरला एकाच वर्गात डी.एड. केलं. तिथे प्रश्नाच्या आधी उत्तर पाठ व्हायचं. या मुलांचं सातवीचं वर्ष सुरू झालं त्या जूनमध्ये आम्ही दोघींनी ठरवलं की मुलांना याच्या उलट काहीतरी द्यायचं. एका वर्गानं फोनवर दोन मिनिटांचा व्हिडिओ करून कोडं पाठवायचं, दुसऱ्यानं आठवडाभर गटात बसून डोकं लावायचं आणि व्हिडिओनंच कळवायचं. नियम एकच होता: उत्तर सांगायचं नाही, कुठवर आलो आणि कुठे अडलो ते सांगायचं. इस्लापूरच्या बाजूला आमच्या गावात नेट धड नसतं, म्हणून व्हिडिओ पाठवायला मी शाळेच्या गच्चीवर जात असे.

फेब्रुवारीत जळकोटचं कोडं आलं. चौरस कागद घ्या. त्याचे चौरसच तुकडे करा, लहानमोठे चालतील, कागद उरता कामा नये. किती तुकडे होतात आणि किती होतच नाहीत?

चार सगळ्यांना जमले. सहा, सात, आठ हळूहळू जमले. पाच काही केल्या होईनात. रद्दीचा गठ्ठा संपला. बुधवारी पहिल्या बाकावरची मुलगी उठून माझ्या टेबलाशी आली. हातात आठ तुकड्यांचा कागद होता. त्यातल्या एका चौरसाचे तिनं चार केले.

"तीन वाढले की नाही मॅडम? सहाचे नऊ, साताचे दहा, आठाचे अकरा. मग पुढं सगळेच होतात. थांबतच न्हाई."

वर्गात कोणालाच हे सुचलं नव्हतं. मलाही नाही. मी वहीत लिहून ठेवलं.

आमची शाळा सातवीपर्यंत. या मुलीचा मामा नांदेडला असतो आणि आठवीपासून तिला ठेवून घ्यायला तयार होता. वडील शेती करतात. ते मला दिवाळीतच म्हणाले होते की गणित पक्कं असेल तर पाठवतो, नाहीतर उगीच परक्या घरी पोरगी कशाला. म्हणून तिला गणितात काय येतं, हे घरी दिसणं गरजेचं होतं. मला हे माहीत होतं. हेही वहीत होतं.

गुरुवारी कळलं की शनिवारी साहेब हा उपक्रम बघायला येणार आणि जळकोटचा वर्ग थेट पडद्यावर घ्यायचा. मुख्याध्यापक म्हणाले, बाई, गडबड नको, तयारी करून घ्या. तयारी म्हणजे काय ते आमच्याकडे पहिलीतल्या मुलालाही कळतं. कोण उठणार, काय बोलणार, कधी हसणार, सगळं ठरवायचं. मी शुक्रवारी यादी केली. मुलं विचार करताना दिसली पाहिजेत, म्हणून मी यादीत एक चूकही घातली. तिसऱ्या क्रमांकाचं मूल "पाच होतात" म्हणेल, चौथं त्याला सुधारेल. तिसऱ्या क्रमांकावर मी तिचं नाव लिहिलं. तिचा आवाज मोकळा, अडखळत नाही, नेट खराब असलं तरी पलीकडे ऐकू जातो. तिची खरी रीत सांगायला चार मिनिटं लागली असती. भेट वीस मिनिटांची होती. ती रीत मी वगळली.

तिनं यादी वाचली आणि म्हणाली, "पण मॅडम, पाच होत न्हाईत, हे मला म्हाईत हाय."

मी म्हटलं, नाटकासारखं समज.

शनिवारी तिनं ते फार छान केलं. कागद उलटसुलट धरला, कपाळाला आठ्या घातल्या आणि खणखणीत आवाजात म्हणाली, पाच होतात. चौथ्या क्रमांकाच्या मुलानं तिला सुधारलं. साहेब हसले आणि म्हणाले, चुकली तरी घाबरली नाही, शाबास. अध्यक्षांनी तेवढाच तुकडा फोनवर घेतला आणि दुपारपर्यंत गावाच्या ग्रुपवर टाकला. साहेबांचं शाबास त्यात होतं, म्हणून.

सोमवारपासून पोरं तिला 'पाच' म्हणायला लागली. मी दोघांना रागावले. त्यानं काही होत नसतं.

एप्रिलमध्ये मी तिच्या घरी गेले. वडिलांना सांगितलं की मुलगी हुशार आहे, नांदेडला पाठवा. त्यांनी मला बसायला पाट दिला, चहा दिला.

"मॅडम, तुम्ही म्हणता तर असंल. पण म्या बघितलं की. साऱ्या गावानं बघितलं. व्हिडिओत तीच हाय ना?"

तीच आहे, मी म्हणाले. ती चूक मी लिहून दिली होती, हे म्हणाले नाही. ते म्हटलं असतं तर सगळी भेटच खोटी होती हे गावाला कळलं असतं, आणि मुख्याध्यापकांनी मला आधीच सांगून ठेवलं होतं की झालं ते झालं. चहा पिऊन मी उठले. ती आत भाकरी थापत होती. बाहेर आली नाही.

जूनमध्ये तिचं नाव इस्लापूरच्या शाळेत घातलं गेलं. शाळा वाईट नाही. नांदेड नाही, एवढंच.

जळकोटची मुलं अजून विचारतात की आठाच्या पुढे तुम्ही कसे गेलात. म्हणून परवा तिला बसथांब्यावर गाठलं. म्हटलं, तुझी रीत तू स्वतः सांग, मी व्हिडिओ घेते, जळकोटला पाठवू, ग्रुपवरही टाकू. फोन काढून समोर धरला.

तिनं दप्तर खांद्यावर नीट केलं.

"काय म्हणायचं ते लिहून द्या मॅडम."

बस आली, ती गेली. वहीत एक काम मी पानामागून पान पुढे ढकलत आले आहे: तिच्या वडिलांना सांगणे, चूक कोणाची होती. काम झालं की खूण करायची समोरची चौकट अजून रिकामी आहे.